पडदा उघडण्याआधीचा शेवट

मैफलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ओव्हर्चरची जागा ठरलेली असते, सगळ्यांत वरची. आठ-नऊ मिनिटांत ते आटोपतं, मग एखादा कॉन्चेर्टो, मध्यंतर आणि शेवटी सिम्फनी. उशिरा आलेल्या श्रोत्यांना आत सोडतात तेही ओव्हर्चर संपल्यावर. तालमीत त्याच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो, कारण ते सगळ्यांना येतं असं सगळेच धरून चालतात. बीथोव्हेनचं ‘एग्मोंट’ ओव्हर्चर मी अशाच उरल्यासुरल्या वेळात वाजवायला लागले. पुढे ते इतक्या ठिकाणी आणि इतक्या तऱ्हेच्या माणसांबरोबर वाजवलं, की माझ्या कामाविषयी लिहायचं म्हटलं तर सुरुवात या एका रचनेपासूनच करावी लागते.

मी जर्मनीत, कोलोनच्या परिसरात राहते. फ्लूट शिकवते आणि बदली वादक म्हणून वाजवते. इथे लहानसहान शहरांतही हौशी ऑर्केस्ट्रा असतात. शिक्षक, डॉक्टर, पोस्टातून निवृत्त झालेली माणसं आठवड्यातल्या एका संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जमतात आणि वर्षातून दोन-तीन कार्यक्रम करतात. व्हायोलिनला माणसं मिळतात. ओबो, बसून, हॉर्न, दुसरी फ्लूट यांची मात्र कायम चणचण. कार्यक्रम तोंडावर आला की आमच्यासारख्यांना फोन येतो. एक तालीम आणि एक प्रयोग, एवढ्याच बोलीवर जायचं. अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं, त्यांचा सूर कुठे आहे ते पहिल्या मिनिटात ओळखायचं आणि आपला त्यात मिळवायचा. या कामात नाव होत नाही. पण एकच रचना वेगवेगळ्या हातांत कशी बदलते, हे बदली वादकाला जितकं दिसतं तितकं कायमच्या वादकाला दिसत नाही.

‘एग्मोंट’मध्ये दोन फ्लूट असतात आणि दुसऱ्या फ्लूटवाल्याने शेवटच्या भागात पिकोलो उचलायचा असतो. पिकोलो म्हणजे फ्लूटच्या निम्म्या लांबीचं, एक सप्तक वर बोलणारं वाद्य. ओव्हर्चरची पहिली सात मिनिटं त्याला काही काम नसतं. हिवाळ्यात दगडी चर्चमध्ये कार्यक्रम असला की तेवढ्यात त्याचं लाकूड गारठतं आणि गारठलेल्या वाद्याचा सूर उतरतो. म्हणून मी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवते. वेळ आली की बाहेर काढायचा, तोंडाचं छिद्र ओठांनी पूर्ण झाकायचं, सगळ्या कळा दाबून आवाज न करता आत ऊब फुंकायची. हे सगळं ज्या आठ बारांत करायचं असतं, तेव्हा ऑर्केस्ट्रात फक्त ओबो, क्लॅरिनेट आणि बसून यांचे अगदी हलके, लांब धरलेले स्वर चालू असतात. कळीचा टक् असा आवाजसुद्धा शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशी ती जागा आहे.

त्यानंतर तारवाद्यं खालून, जेमतेम ऐकू येतील अशी उठतात. आवाज वाढत वाढत काही क्षणांत सगळा ऑर्केस्ट्रा त्यात येतो, ट्रम्पेट गर्जू लागतात, आणि शेवटी या सगळ्यांच्या वर पिकोलो. पन्नास-साठ वाद्यं पूर्ण जोरात असतानाही तो वेगळा ऐकू येतो. त्याच्यापासून लपता येत नाही.

मी मूळची वसईची. आमच्याकडे चर्चच्या सणाला आणि लग्नाला बँड हवाच. पप्पा त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळे नोटेशन वाचणं मला मराठी वाचण्याच्या बरोबरीने आलं. फ्लूटसाठी मात्र लोकलने मुंबईला जावं लागे. माझे सर गोव्याचे. मेहली मेहतांनी १९३५ साली उभ्या केलेल्या बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या काळातली जी पिढी दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत वाजवून पोट भरायची आणि संध्याकाळी बीथोव्हेन, ब्राम्स वाजवायची, त्या पिढीतले. त्यांच्याकडे ‘एग्मोंट’च्या पिकोलोचा हाताने उतरवलेला कागद होता. शाईचा, एकही खाडाखोड नसलेला. तो माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, “शेवटी लोक घरी जाताना तुझाच सूर घेऊन जाणार. तो रडका असता कामा नये.” त्यावेळी मला ती फक्त सुरात वाजवण्याची सूचना वाटली. अर्थ पुढे लागला.

कंडक्टरमंडळी या शेवटाविषयी एकच शब्द बोलतात : विजय. बहुतेक ठिकाणी तसंच चालतं. सगळे पुढे सरसावून बसतात, लय वाढते, हॉर्नवाले लाल होईपर्यंत फुंकतात. हौशी वादकांना या दीड-दोन मिनिटांत केवढा आनंद होतो ते मी शेजारी बसून पाहिलं आहे आणि त्या आनंदाबद्दल मला आदर आहे. दिवसभर कचेरीत बसलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता एवढा मोठा आवाज आपल्या हातून निघताना ऐकायला मिळतो. पण विजय कुणाचा, हा प्रश्न तालमीत कुणी विचारत नाही. रचनेचं नाव एका माणसाचं आहे आणि तो माणूस हरला होता.

लामोराल, एग्मोंटचा काउंट, हा सोळाव्या शतकातला फ्लेमिश सरदार. नेदरलँड्सवर तेव्हा स्पेनचा राजा दुसरा फिलिप याची सत्ता होती आणि एग्मोंटने त्याच राजासाठी १५५७ मध्ये सँ-कांतँची आणि १५५८ मध्ये ग्राव्हलीनची लढाई जिंकून दिली होती. पुढे प्रांतांत असंतोष वाढला तेव्हा राजाने आल्बाच्या ड्यूकला सैन्य देऊन पाठवलं. आल्बाने एग्मोंटला पकडलं आणि ५ जून १५६८ रोजी ब्रसेल्सच्या मुख्य चौकात काउंट होर्नबरोबर त्याचा शिरच्छेद केला.

यावरून जर्मन कवी गटेने नाटक लिहिलं, ते १७८८ मध्ये छापून आलं. मी ते फार उशिरा वाचलं, कारण माझं जर्मन बोलण्यापुरतं तयार झालं तरी अठराव्या शतकातलं जर्मन वाचायला वेळ लागला. तालमींना जाता-येता गाडीत वाचून पुरं केलं. इतिहासातल्या एग्मोंटला बायको होती, पुष्कळ मुलं होती. गटेने ते सगळं बाजूला ठेवलं आणि त्याला क्लेर्शेन नावाची सामान्य घरातली प्रेयसी दिली. नाटकातला एग्मोंट मोकळा, जगण्यावर प्रेम करणारा, लोकांचा लाडका. ऑरेंजचा विल्यम त्याला पळून जा म्हणून परोपरीने सांगतो. हा जात नाही. आपण राजाशी प्रामाणिक आहोत, मग भ्यायचं कशाला, अशी त्याची समजूत. आल्बा बोलावून घेतो आणि अटक करतो. क्लेर्शेन रस्त्यावर उतरते, शिंपी, सुतार, कारागीर अशा रोजच्या ओळखीच्या माणसांना चला, त्याला सोडवू म्हणते. कालपर्यंत एग्मोंटचं नाव घेऊन टोप्या उडवणारी ही माणसं तिला हळू बोल म्हणतात आणि घरी जायला सांगतात. ती घरी जाऊन विष घेते. तुरुंगात शेवटच्या रात्री एग्मोंटला झोप लागते आणि स्वप्नात स्वातंत्र्यदेवता येते. तिचा चेहरा क्लेर्शेनचा असतो. ढोल वाजतात, तो जागा होतो, पहारेकऱ्यांच्या रांगेतून बाहेर पडतो. आणि इथे गटेने स्वतःच लिहून ठेवलं आहे की विजयाची सिम्फनी वाजावी आणि पडदा पडावा.

म्हणजे शेवटचं ते संगीत बीथोव्हेनच्या लहरीतून आलेलं नाही, नाटककारानेच ते मागितलं होतं. या शेवटावर नाटककार शिलरने तेव्हाच टीका केली होती. त्याला तो स्वप्नाचा प्रवेश म्हणजे नाटकातून ऑपेरात मारलेली उडी वाटली, आणि १७९६ मध्ये वायमारसाठी नाटक बेतताना त्याने तो भाग काढून टाकला.

बीथोव्हेनकडे हे काम आलं तो काळही पाहिला पाहिजे. मे १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने व्हिएन्नावर तोफा डागल्या. बीथोव्हेन भावाच्या घराच्या तळघरात कानांवर उशा दाबून बसला होता असं त्याचा शिष्य रीस याने लिहिलं आहे. ऐकू येणं आधीच कमी झालेल्या माणसाला तोफांचा धक्का किती लागत असेल, ते मला एक वाद्य वाजवणारी म्हणून नेहमी जाणवतं. शहर फ्रेंचांच्या ताब्यात गेलं, महागाई झाली, ओळखीचे लोक गाव सोडून गेले. त्या सालच्या शेवटी आणि १८१० च्या पूर्वार्धात त्याने ‘एग्मोंट’चं संगीत लिहिलं. गटेवर त्याचं लहानपणापासून प्रेम होतं आणि हे काम आपण त्या प्रेमापोटीच केलं असं त्याने पुढे प्रकाशकांना कळवलं. दोघांची भेट त्यानंतर दोन वर्षांनी, १८१२ मध्ये टेप्लिट्झला झाली. व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये नाटक २४ मे १८१० रोजी लागलं, पण संगीत वेळेत पुरं झालं नव्हतं; ते पहिल्यांदा वाजलं १५ जूनला. ओव्हर्चर सोडून आणखी नऊ तुकडे आहेत : क्लेर्शेनची दोन गाणी, अंकांमधली चार, तिच्या मृत्यूचं संगीत, एग्मोंटच्या झोपेतल्या बोलण्याखालचं संगीत आणि विजयाची सिम्फनी. मैफलींमधून आज प्रामुख्याने वाजतं ते ओव्हर्चर. उरलेले नऊ तुकडे ऑर्केस्ट्रात आयुष्य घालवलेल्या पुष्कळ वादकांनीही कधी वाजवलेले नसतात.

मला ते वाजवायला मिळाले, आणि माझ्या कामाला वळण लागलं ते तिथे.

जवळच्या एका शहरातल्या लहान नाट्यगृहाने ‘एग्मोंट’ करायला घेतलं आणि पिटमध्ये बसायला तिथल्या हौशी ऑर्केस्ट्राला बोलावलं. दुसरी फ्लूट आजारी पडली म्हणून मी. पिट म्हणजे रंगमंचासमोरचा खड्डा. स्टँडवरचे छोटे दिवे सोडले तर अंधार, आणि डोक्यावर नटांच्या पावलांची धमधम. माझ्या जागेवरून रंगमंचाचा फक्त डावा कोपरा दिसत असे.

आपल्याकडे संगीत नाटकात पडदा उघडण्याआधी नांदी होते, तसंच हे ओव्हर्चर सुरू झालं. सगळ्या ऑर्केस्ट्राचा एकच लांब स्वर, मग तारवाद्यांचे जड, पाय ओढत चालणारे आघात. साराबांद या स्पॅनिश नाचाची ती लय स्पेनच्या जुलमाचं रूप आहे असं बरेच जण मानतात, आणि मलाही ते पटतं. त्याला ओबो, क्लॅरिनेट, बसून विनवणीच्या सुरात उत्तर देतात. मग चेलोंवरून उतरत येणारी सुरावट, मग सगळा संघर्ष. शेवटाकडे तीच जड लय हॉर्न ठोकून वाजवतात आणि व्हायोलिन हळूच काकुळतीला येतात. एकदा, दोनदा. मग व्हायोलिनचे दोन स्वर, वरून खाली पडणारे, आणि पूर्ण शांतता. तो शिरच्छेद आहे असं सांगतात. त्यापुढचे आठ बार आणि मग विजय. प्रेक्षकांनी छान टाळ्या दिल्या. पडदा उघडला.

पहिल्या अंकात क्लेर्शेनच्या घरचा प्रवेश येतो. तिच्यावर एकतर्फी प्रेम करणारा ब्राकेनबुर्ग तिच्यासाठी सुताची लडी हातांत धरून बसलेला असतो आणि ती गाते. शिपायांचं गाणं. ढोल वाजताहेत, बासऱ्या वाजताहेत, माझा प्रियकर सैन्य घेऊन निघाला आहे, मलाही पुरुषाचे कपडे असते तर मी त्याच्यामागे गेले असते, असा त्याचा आशय. १८१० मध्ये हे गाणं गाणारी नटी आंटोनी आडामबेर्गर तेव्हा अवघी एकोणीस वर्षांची होती. या गाण्यात पिकोलो आहे. ओव्हर्चरमध्ये सात मिनिटं वाट पाहायला लावणारा तोच पिकोलो इथे तिच्या आवाजाला लागून, शिपायाची बासरी होऊन वाजतो. रणात जाण्याची इच्छा असलेली आणि जाता न येणारी एक मुलगी, आणि तिच्या त्या इच्छेचा आवाज म्हणजे माझ्या हातातलं वाद्य.

त्यानंतर बराच वेळ पिकोलो गप्प असतो. शेवटच्या अंकात क्लेर्शेन विष घेऊन आत निघून जाते. ब्राकेनबुर्गही जातो. रंगमंचावर कुणीच नाही. विझवायचा राहून गेलेला एक दिवा तेवढा जळत असतो. संगीत सुरू होतं, दिवा काही वेळा फडफडतो आणि विझतो. हेही गटेने लिहून ठेवलेलं आहे. मला दिसणाऱ्या डाव्या कोपऱ्यातच तो दिवा ठेवला होता. नाटकातलं मरण मी पुष्कळ पाहिलं आहे, पण माणूस न दाखवता दाखवलेलं मरण इतकं जवळून त्याआधी पाहिलं नव्हतं. आमच्या ओबोवादक बाई, पेशाने दातांच्या डॉक्टर, त्या जागी रोज डोळे मिटून वाजवत.

मग एग्मोंटची झोप, स्वप्न, ढोल, त्याचं जाणं. आणि मग विजयाची सिम्फनी, म्हणजे ओव्हर्चरचा शेवट जसाच्या तसा. तेच स्वर, तेच बार, तोच पिकोलो. तीन तासांपूर्वी ज्या संगीताला लोकांनी खुशीत टाळ्या दिल्या होत्या, तेच संगीत आता एका रिकाम्या झालेल्या कोठडीवर वाजत होतं. आणि सगळ्यांच्या वर शिपायांच्या गाण्यातली ती बासरी होती. स्वातंत्र्याला क्लेर्शेनचा चेहरा गटेने दिला. तिचा आवाज बीथोव्हेनने दिला, असं मला त्या रात्री वाटलं आणि आजही वाटतं. एखाद्या ग्रंथात कुणी हे असं लिहिलं आहे की नाही, त्याने मला फरक पडत नाही. पिटमध्ये बसून दोन्ही जागा एकाच वाद्यावर वाजवल्या की ते कळतं.

हे नाट्यगृहातलं काम सुरळीत झालं नव्हतं, तेही सांगते. दिग्दर्शकाला विजयाची सिम्फनी नको होती. तो तरुण होता, हुशार होता आणि त्याचं म्हणणं सरळ होतं : माणूस वधस्तंभाकडे जातोय आणि तुम्ही तुताऱ्या वाजवता, आजच्या प्रेक्षकाला हे खोटं वाटेल. त्याला शेवटी फक्त ढोल हवे होते आणि नंतर काळोख. आमचे कंडक्टर ऐकेनात. दोन तालमी या वादात गेल्या. हौशी वादक घड्याळाकडे बघत बसले होते. शेवटी दोन्ही शेवट करून पाहायचं ठरलं. ढोलांवर संपवलं तेव्हा नाटक शोकांतिका म्हणून चोख संपलं. संगीतासह संपवलं तेव्हा क्लेर्शेनचं काम करणारी मुलगी, जी तेव्हा मेकअप उतरवायला निघाली होती, विंगेत थांबली. दिग्दर्शकाने तिला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “हे नसेल तर मी उगाच मेले.” संगीत राहिलं. मी त्या मुलीच्या बाजूची आहे. शिलरची हरकत मला समजते, पण नाटकात ज्यांना कुणी ऐकलं नाही त्यांचं ऐकून घेणारी एवढी एकच जागा आहे.

कोलोनहून ब्रसेल्स आगगाडीने दोन तासांच्या आत. पुढे एकदा तिथे गेले. मुख्य चौक झगमगीत, सोनेरी नक्षीच्या घरांचा. वध इथेच झाला यावर विश्वास बसत नाही. एग्मोंट आणि होर्न यांचा पुतळा आता प्ती साब्लों नावाच्या छोट्या बागेत आहे. दोघं शेजारी उभे आहेत. बागेच्या कुंपणावर ब्रसेल्सच्या जुन्या कारागीर-संघांच्या ४८ लहान ब्राँझ मूर्ती आहेत, ज्याच्या-त्याच्या हातात आपापल्या धंद्याचं हत्यार किंवा खूण. मी एकेक बघत फिरले. नाटकात क्लेर्शेन ज्यांच्या हातापाया पडते ती हीच माणसं. बागेत त्यांना एग्मोंटभोवती पहाऱ्याला उभं केल्यासारखं मांडलं आहे. क्लेर्शेन तिथे नाही, ती कवीच्या मनातली.

एका ऑर्केस्ट्रात व्हिओला वाजवणारे एक हंगेरियन गृहस्थ होते. १९५६ मध्ये ते शाळकरी वयाचे होते. त्या वर्षीचा हंगेरीतला सोव्हिएतविरोधी उठाव चिरडला गेल्यावर कुटुंब सीमा ओलांडून ऑस्ट्रियात आणि पुढे जर्मनीत आलं. उठावाच्या दिवसांत हंगेरीच्या रेडिओवरून ‘एग्मोंट’ ओव्हर्चर पुन्हा पुन्हा लावत होते, ही इतिहासातली गोष्ट आहे. तालमीच्या मध्यंतरात कॉफी घेताना ते मला म्हणाले, “आम्हा मुलांना याचं नाव माहीत नव्हतं. आईने एवढंच सांगितलं होतं की रेडिओ बंद करायचा नाही.” ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. त्यानंतर ते ओव्हर्चर त्यांनी पहिल्यांदा ऐकलं ते जर्मनीत, एका शाळेच्या कार्यक्रमात, आणि तिथली मुलं शेवटी हसत-खिदळत वाजवत होती याचं त्यांना वाईट वाटलं नाही. “मुलांनी हसतच वाजवावं,” ते म्हणाले. मात्र मोठ्यांच्या ऑर्केस्ट्रात कंडक्टर शेवट भरधाव घेऊ लागला की त्यांचा धनुष्याचा हात जड व्हायचा. मुद्दाम. त्यांच्यामागे बसणारे त्यांच्या हाताकडे बघत आणि थोडे मागे राहत. कंडक्टरला पाठीमागून धरून ठेवण्याची ही पद्धत कुठल्याही नियमात बसणारी नाही, पण मी त्यांच्याबरोबर मागे राहिले आहे.

म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये अकरा इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले, त्यानंतर ६ सप्टेंबर १९७२ रोजी स्टेडियममध्ये झालेल्या शोकसभेतही हेच ओव्हर्चर वाजवलं गेलं. लढणाऱ्यांच्या रेडिओवर आणि शोकसभेत एकच रचना चालते याचं कारण तिच्या बांधणीत आहे. विजय आहे, पण तो मरणाच्या पलीकडच्या बाजूला आहे. दोन्ही काढता येत नाहीत.

या सगळ्याचा माझ्या वाजवण्यावर झालेला परिणाम बाहेरून फार थोडा दिसेल. मी पिकोलो त्या शांततेत उचलत नाही. व्हायोलिनचे दोन स्वर पडले की हात मांडीवर, फ्लूट स्थिर. ओबोचा पहिला स्वर लागला की मगच खिशाकडे हात. आठ बार पुरतात. शांततेत एखादा वादक हलला की श्रोत्यांना कळतं की आता काहीतरी येणार आहे, आणि एग्मोंटला ते माहीत नव्हतं. कंडक्टर ती शांतता किती धरतो यावरून मला त्याची पारख होते. काहीजण घाबरून लगेच पुढे जातात, कारण हौशी ऑर्केस्ट्रात शांतता म्हणजे कुणीतरी चुकून घुसण्याची भीती. एक वयस्क कंडक्टर मात्र बॅटन खाली करून दोन्ही हात सोडून उभे राहत. मोजायला काहीच उरत नसे. पुढे केव्हा सुरू करायचं ते ओबोवाल्या बाईंवर सोपवलेलं. तसा अनुभव मला पुन्हा कुणाकडे आला नाही.

आणि शेवट मी सरांनी सांगितलं तसा वाजवते. रडका नाही. ओरडूनही नाही. शिपायांच्या बासरीत जो एक सपाट, उघडा, नटवायचा नाही असा सूर असतो, तो लावायचा प्रयत्न करते. व्हायब्राटो जवळजवळ नाही. कंडक्टर क्वचित विचारतात, सूर थोडा गोड करता येईल का? मी शांतपणे नाही म्हणते आणि कारण सांगते. बहुतेक जण कारण ऐकल्यावर मान हलवतात. ज्यांना पटत नाही, ते पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला बोलावतात. त्याचं मला दुःख नाही.

आता मी ज्या संगीतशाळेत शिकवते तिथल्या मुलांच्या ऑर्केस्ट्राने पूर्ण ‘एग्मोंट’ करायचं ठरवलं आहे. नाटक नाही, त्याऐवजी निवेदक. मैफलीसाठी असं निवेदन फ्रीडरिश मोझेनगाइल याने १८२१ मध्ये लिहिलं आणि नंतर ग्रिलपार्झरने ते सुधारलं. मुलांना ती भाषा जड जाते, म्हणून इतिहासाच्या शिक्षिका साध्या जर्मनमध्ये नवं निवेदन लिहिताहेत. गाणार आहे एक चौदा वर्षांची मुलगी. पिकोलोला आहे तिच्याच वर्गातला एक मुलगा, मोठा आवाज काढायला अतोनात उत्सुक. ओव्हर्चरचा शेवट तो पहिल्या दिवसापासून पाठ करून आला आहे. मी कंडक्टरशी बोलून तालमींचा क्रम बदलून घेतला आहे : पहिले काही आठवडे फक्त शिपायांचं गाणं, गायिका आणि पिकोलो शेजारी उभे राहून. ओव्हर्चर त्यानंतर.